बारवेत सोडलेले मासे

महादेवाच्या बारवेत ते मासे मी सोडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं त्या माझ्या आत्याला तर नाहीच. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. मी उर्दूतून चार बुकं शिकलेला, वीस-बावीस वर्षांचा, हिवतापाच्या खात्यात मुलाजिम. काम साधं होतं. डबक्यांवर तेल शिंपडायचं, विहिरींत वाकून डासांच्या अळ्या बघायच्या आणि धाराशिवहून हंड्यातून येणारे मासे नेमून दिलेल्या पाण्यात सोडायचे. या माशांना दप्तरात काहीतरी इंग्रजी नाव होतं, आम्ही डासमासे म्हणायचो. बोटाच्या पेराएवढे, मळकट राखाडी. माद्यांची पोटं फुगलेली आणि पोटाशी काळा डाग. ते डासांच्या अळ्या खातात म्हणून सरकारनं कुठून कुठून आणलेले.

परंड्याकडच्या ज्या भागात माझी नेमणूक होती तिथंच एका गावात माझी आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, गुरवाच्या घरात दिलेली. नवरा वारल्यावर पिंडीची पूजा तिचा दीर करायचा, पण बारव आत्याकडं होती. बारवेतल्या माशांचा कौल लावणं हे त्या घरातल्या थोरल्या बाईचं काम, अशी रीतच होती. त्यावर तिला गावाकडून शिधा मिळायचा आणि मान मिळायचा. दिराला ते खुपायचं. मी राहायला तिच्याचकडं होतो.

कौलाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं. बारवेत पिढ्यान्‌पिढ्या लहान मासे होते. डोक्यावर पांढरा चमकता ठिपका, म्हणून त्यांना टिकल्या म्हणत. भिंतीच्या दगडांच्या सांदीत एकेक टिकली राहायची, प्रत्येकीची सांद ठरलेली. ज्याला देवाला काही विचारायचं असेल त्यानं घरची भाकरी आणायची, चिमूटभर कुस्करून पाण्याखालच्या पहिल्या पायरीवर ठेवायची आणि मागं सरून बसायचं. पाण्यावर सावली पडू द्यायची नाही. बोलायचं नाही. टिकली सांदीतून बाहेर यायची, थांबायची, परत आत जायची, पुन्हा यायची. तिनं घास उचलला की कौल मिळाला. पुष्कळदा ती येतच नसे. मग आत्या सांगायची, "आज न्हाय ऐकत. सोमवारी या."

एखादा पाहुणा कंटाळून हात हलवायचा. आत्या म्हणायची, "हालू नगा पावणं. देव बी भितुया. न्हाय तर तुमच्यागत दांडगा झाला असता की." लोक हसायचे आणि पुन्हा गप्प बसायचे.

आमचे दरोगा, म्हणजे खात्यातले वरचे साहेब, धाराशिवहून यायचे. दख्खनी बोलायचे. माणूस शिस्तीचा आणि समंजस. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मियाँ, जहाँ पहले से मच्छी है, वहाँ नक्को. देवल की बावली में तो बिलकुल नक्को. समझे?" मी समझे म्हणालो होतो. हुकूम कळला नव्हता असं मला म्हणता येत नाही.

चैत्राचा महिना होता. मला एक हंडा मासे गावापलीकडं दगडाच्या जुन्या खाणीत सोडायचे होते. खाण दोन कोस लांब. हंड्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, तरी ऊन असं की पाणी कोमट झालेलं. पाणी बदलावं म्हणून मी बारवेवर उतरलो. आत्या घरी होती, बारवेवर कुणी नव्हतं. फडकं सोडलं तर काही मासे उलटे झालेले आणि उरलेले त्या उलट्यांचे डोळे खात होते. जिवंत असतानाच, तोंडं हलत असताना.

त्या दिवशी ईट गावचा बाजार होता. मला तिकडं जायचं होतं. तिथं काम काही नव्हतं, चार ओळखीचे भेटणार होते, चहा प्यायचा, बिडी ओढायची, एवढंच. खाणीवर जाऊन आलो असतो तर बाजार बुडाला असता. हंडा हातून निसटला असं मी पुढं कितीतरी वर्षं मनाशी घोकलं. निसटला नव्हता. मी दोन्ही हातांनी धरून ओतला, हंडा विसळला आणि ईटला गेलो. दरोग्यांना सांगितलं, खाणीत सोडले.

मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या बारवेत मूठभर मासे, विरून जातील. सुरुवातीला तसं दिसलंही. टिकल्या काही त्यांच्याहून लहान नव्हत्या. एखाददुसरी टिकली तर त्यांची नुकती झालेली पिल्लं गिळताना मी पाहिली आणि मनातून सुटलो. पण पुढं मी रोज सकाळी पायऱ्यांवर बसून बघायला लागलो, आणि बघितलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ताकदीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न वागण्याचा होता. टिकली एकटी राहायची, आपल्या सांदीशी. तिला कुणी डिवचलं की ती आत जायची आणि बराच वेळ बाहेर येत नसे. डासमाशांना सांद नव्हती, घर नव्हतं, म्हणून हाकलायचं तरी कुठून? ते टोळीनं हिंडायचे. एक सांद बघायची, तोंडाशी घोळका करायचा, टिकली बाहेर आली की पहिल्यानं शेपटीला चावा घ्यायचा. ती वळली की दुसऱ्यानं दुसरीकडून. एका चाव्यानं काही होत नव्हतं. पण ते थांबतच नसत. पोट भरलेलं असलं तरी चावायचे. टिकली आत जाऊन उपाशी बसायची आणि हे बाहेर चरत राहायचे. सावली पडली की टिकल्या पळायच्या. हे सावलीखाली गोळा व्हायचे, कारण सावली आली की भाकरी येते हे त्यांना आठ दिवसांत कळलं होतं.

आणि वीण! टिकली शेवाळाला एकेक अंडं चिकटवायची, त्यातून पिल्लू निघायला दिवस लागायचे. तेवढ्यात हे ते शेवाळ ओरबाडून साफ करायचे. यांच्या माद्या अंडी घालतच नाहीत. पोटातून सरळ जिवंत पिल्लं टाकतात, आणि ती पडल्या पडल्या पळतात, कडेच्या घाणीत शिरतात. आपल्याच पिल्लांना खातात, तरी संपत नाहीत. पावसाळ्याआधीच कडेचं पाणी त्यांनी वळवळायला लागलं. पाण्यात हात घातला तर बोटांच्या बेचक्यांत तोंडं लागायची.

माझ्या नडगीला तेव्हा काटा लागून चिघळलं होतं. एकदा मी विसरून पाय पाण्यात सोडला. क्षणात ते त्या जखमेला लागले. खपली उचकटून पू खाऊ लागले. दुखत नव्हतं, गुदगुल्या होत होत्या, आणि त्या गुदगुल्यांचीच मला जास्त शिसारी आली. पाय वर घेतला तर दोन मासे जखमेला धरून वर आले. मी पायरीवर पाय घासला, वर येऊन राखेनं धुतला, आणि दोन दिवस अन्न गेलं नाही.

श्रावण आला. श्रावणी सोमवारी आसपासच्या गावांतून लोक कौलाला यायचे. त्या वर्षी पहिल्याच बाईनं भाकरीचा चुरा ठेवायला हात खाली नेला आणि हात पाण्याला टेकायच्या आत राखाडी घोळका तुटून पडला. पाणी उसळलं. बाई आधी दचकली, मग तिनं मोठ्यानं 'महादेवा' केलं. लोक धावले. दुसऱ्यानं ठेवलं, तेही गेलं. तिसऱ्याचंही. त्या दिवशी बारवेवर एकाचाही कौल हुकला नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षानुवर्षं ताटकळवणारा देव एकाएकी मागेल त्याला पावत होता.

आत्या पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "ह्यो कौल न्हाय."

"न्हाय कसा? खाल्लं की!" त्या बाईनं विचारलं.

"आगं, ही दगड टाकला तरी खातील. जे कायबी खातंय त्याचा कसला कौल? टिकली आली तर कौल."

"टिकली, टिकली! तुमची टिकली आमाला तीन वरसं बसवून ऱ्हायली."

"आनि हे तुला तीन घटकांत फसवून ऱ्हायले," आत्या म्हणाली.

लोक हसले, पण बाई हसली नाही. दीर वरच्या पायरीवर उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देव पावतुया आन् वहिनीला ते खपंना."

तिथून ते सुरू झालं. लोक आत्याला न विचारता भाकऱ्या टाकू लागले. आधी चिमूट, मग तुकडे, मग टोपल्या. डासमाशांनी खाऊन उरायचं ते कुजायचं. पाण्यावर तवंग यायचा, वास सुटायचा. पिण्याचं पाणी बायका दुसऱ्या विहिरीवरून आणायला लागल्या, पण कौलाला गर्दी वाढतच गेली. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, डास कमी झाले नाहीत. टिकल्या पूर्वीपासूनच अळ्या खात होत्या. मी स्वतः पाहिलं होतं. जे काम त्या बोलल्या-चालल्याविना करत होत्या तेच करायला मी ही घाण आणून ओतली होती.

आत्यानं एकदा ओंजळीत एक डासमासा उचलला. तो तिच्या तळहातावर उड्या मारत राहिला. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं. मी म्हणालो, "कुठून आले असतील गं?" हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडानं.

ती म्हणाली, "पाण्याला काय, कुठूनबी येतंय," आणि तो मासा पुन्हा पाण्यात सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. सांदी उघड्या पडल्या आणि टिकल्यांना लपायला जागा राहिली नाही. मग त्या मरू लागल्या. रोज सकाळी पायरीवर येऊन पडलेल्या दिसायच्या. शेपट्या नव्हत्याच, नुसती बुडखी. बुडख्यांवर पांढरी बुरशी कापसासारखी. काही अजून तोंडं हलवत असायच्या. आत्या पाटीत भरून त्यांना बेलाच्या बुडाशी पुरायची. डोक्यावरचा ठिपका मेल्यावर जातो, हे मला तेव्हा कळलं.

गावात कुजबुज सुरू झाली. देवाचे मासे मरतात म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. एका सकाळी देवळाच्या ओट्यावर लोक जमले. पाटील मधे बसले. आत्या खाली, खांबाशी. दीर उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनीच्या घरात हिंगणबेटाची टोपली हाय. तिनं बारवंत टाकलंय. देवाच्या नव्या माशांचा कौल बंद पडावा म्हणून."

हिंगणबेट म्हणजे आमच्याकडच्या माळावरचं काटेरी झाड. त्याच्या फळाच्या गरानं बायका लुगडी धुतात. तोच गर ओढ्याच्या डोहात कालवला तर मासे मरून वर येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"धुण्याला हाय," आत्या म्हणाली. "गावात कुन्या घरात न्हाय? पाटील, तुमच्या घरात बी असंल. तुमचं धोतर पांढरं दिसतंय."

लोक हसले. मला वाटलं, सुटली. पण पाटील माझ्याकडं वळले. "तुम्ही सरकारी माणूस. माशांचं तुम्हाला कळतं. हिंगणबेटानं मासा मरतो का?"

"मरतो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग हे त्यानंच मेले असतील?"

आत्या माझ्याकडं बघत होती. ती हलली नाही. बारवेवर सांदीकडं बघत ती जशी बसायची, श्वाससुद्धा जपून, तशीच बसली होती. मला ठाऊक होतं की हिंगणबेटानं मेलेल्या माशाची शेपटी तुटत नाही. ठाऊक होतं की पाणी विषारी असतं तर डासमासेही मेले असते. पण ते सांगायचं तर डासमासे आले कुठून हेही सांगावं लागणार होतं. खाणीत सोडले म्हणून दरोग्यांना मारलेली थाप, नोकरी, आणि त्याहून जास्त म्हणजे एवढ्या लोकांच्या नजरा.

मी म्हणालो, "असू शकतं."

माझं खरं पाप हे दोन शब्द आहेत. मासे ओतले तो आळस होता, पोरकटपणासुद्धा म्हणता येईल. हे शब्द मी विचार करून उच्चारले.

मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या धनगरानं विचारलं, "पर मंग ती दुसरी कशी जित्ती ऱ्हायली? इख काय टिकली बघून लागतंय व्हय?"

बरोबर विचारलं होतं. सगळ्या गावात त्याच एकट्याला सुचलं. पण दिरानं लगेच उत्तर दिलं, "ती खरी देवाची. त्यांना इख कसं लागंल?" आणि ओट्यावरच्या माना डोलल्या. धनगरानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

बारव आत्याकडून काढून दिराच्या घरात दिली. आत्यानं बारवेची पायरी उतरायची नाही, असंही ठरलं.

दुपारी आत्यानं मला जेवायला वाढलं. मी जेवायला बसलो, हेही लिहून ठेवतो. तिनं चुलीतला जाळ मागं ओढला. मग म्हणाली, "खानीतले मासे कसे हायेत रं?"

"बरे आहेत."

"म्या गेल्ते तिकडं सरपणाला. म्हैना झाला. वाकून बघितलं. पानी निवळशंख हाय. एक बी दिसला न्हाय." एवढं बोलून तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "खा. सकाळपासनं उपाशी हाईस."

म्हणजे ओट्यावर बसली होती तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती आणि मी अडकलो असतो. ती वाट बघत होती, मी होऊन बोलेन म्हणून. मी ती अर्धी भाकरी खाल्ली. तिची चव आठवली की आजही मला माझ्या तोंडाची किळस येते.

दुसऱ्या दिवशी मी हंड्यासाठी धाराशिवला गेलो होतो. मी नसताना तिनं शेजारणीच्या हातून बारवेतल्या उरल्यासुरल्या, शेपट्या कुरतडलेल्या चार-पाच टिकल्या उचलून आणवल्या, रांजणात सोडल्या आणि रांजणासकट बैलगाडीनं लेकीच्या गावी निघून गेली. तिथं अंगणात तो रांजण अर्धा पुरून ठेवला. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मी दुसऱ्या खात्यात लागलो. आत्या लेकीकडंच वारली. मी खांदा द्यायला गेलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

मागच्या वर्षी आत्येबहिणीकडं गेलो होतो. रांजण अजून आहे. तिनं त्यात शेवाळ राखलं आहे, पाणी ती स्वतः बदलते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मी लांबून, सावली पडू न देता बघितलं. आत पांढरे ठिपके हलत होते. शेपट्या पूर्ण होत्या.

चहा ठेवता ठेवता तिनं सांगितलं की तिच्या मुलीची जमत आलेली सोयरीक मोडली. मुलाकडचे आत्याच्या सासरच्या गावात चौकशीला गेले होते. तिथं कुणीतरी सांगितलं, पोरीच्या आजीनं देवाच्या बारवेत विष कालवलं होतं. "दादा, तुमी तर तिथंच होता," ती म्हणाली. "आईनं खरंच टाकलं होतं का वो?"

"नाही गं. ती तसली नव्हती," मी म्हणालो.

"मंग कशानं मेले?"

मी म्हणालो, "चहा उतू जातोय बघ."

येताना वाट वाकडी करून त्या बारवेवर उतरलो. पाणी हिरवं, दाट, भाकरीच्या आंबलेल्या वासाचं. माझी सावली पडली आणि ते आले. पायरीच्या कडेला एकावर एक चढून, तोंडं वर काढून, शेकड्यांनी. मी काही टाकलं नाही तरी हटले नाहीत. त्यांनी जे केलं ते मासे असल्यामुळं केलं, त्यांना दुसरं येत नव्हतं. मला येत होतं. शिसारी त्यांची आली, पण ती त्यांच्यावर फार वेळ टिकली नाही.

वर ओट्यावर चार माणसं बसली होती. मी त्यांच्यासमोरून चपला हातात घेऊन निघून आलो.

हे मी घरात, दार लोटून लिहिलं आहे. त्यानं काही फिटलेलं नाही. त्या ओट्यावर उभं राहून, गावासमोर आणि माझ्या आत्येबहिणीसमोर, मला एवढंच सांगायचं आहे की मासे मी सोडले होते, हिंगणबेटानं एकही टिकली मेली नव्हती, आणि आत्याला हे ठाऊक असून ती माझ्यासाठी गप्प राहिली. ते मी अजून सांगितलेलं नाही.